‘उघड’ की ‘सहज सुचण्याजोगे’?

पृच्छा : उद्यमनगरातील एका लहान कारखानदारांसाठी कागदाच्या लेपाविषयीच्या पेटंट अर्जावरील हरकतीचा मसुदा मराठीत उतरवीत आहे. त्यात ‘ऑब्व्हियस’ हा शब्द पानोपानी येतो. ‘उघड’ असे लिहिल्यास चालेल काय?

उत्तर : चालणार नाही. एखादी गोष्ट ‘उघड झाली’ म्हणजे ती आधीच जाहीर झाली, असा अर्थ मराठी वाचक घेतो. पण तो मुद्दा नवीनतेचा आहे. ‘ऑब्व्हियस’चा प्रश्न त्याच्या पुढचा : हुबेहूब तोच लेप पूर्वी कुठेही नसला, तरी उपलब्ध माहितीवरून त्या क्षेत्रातील जाणकाराला तो सुचला असता काय? १९७० च्या पेटंट कायद्यातील कलम २ मध्ये ‘इन्व्हेंटिव्ह स्टेप’ची, म्हणजे शोधातील कल्पक पावलाची, जी व्याख्या आहे, तिच्यात हा जाणकार मुद्दाम आणलेला आहे. ‘उघड’ म्हटले की तो वाक्यातून सहज गळतो. ‘सुचणे’ म्हटले की गळत नाही, कारण मराठीत सुचते ते नेहमी कोणाला तरी.

आपल्याच विषयातले उदाहरण घ्या. जुन्या हातकागदावर शाई फुटू नये म्हणून त्याला खळ लावून तो घोटत असत. आजच्या लेपात केओलिन किंवा कॅल्शियम कार्बोनेटची पूड असते आणि ती कागदाला धरून राहावी म्हणून स्टार्च किंवा लेटेक्स. अर्जातील दाव्यात, म्हणजे ज्यावर हक्क मागितला आहे त्याच्या वर्णनात, केवळ स्टार्चच्या जागी पॉलिव्हिनाइल अल्कोहोल आले असेल, तर ते पूड घट्ट धरते हे लेपाचे काम करणाऱ्यांना पूर्वीपासून ठाऊक असल्यामुळे तो बदल सुचण्याजोगाच ठरेल. मात्र ठरावीक प्रमाणात घेतल्यावर तेल झिरपणे थांबते आणि तरीही छपाईची शाई नीट बसते, असा कोणी अपेक्षिला नव्हता तो परिणाम अर्जदाराने दाखवला, तर हरकत लंगडी पडेल.

पुन्हा पृच्छा : मग ‘स्वयंस्पष्ट’?

उत्तर : तोही नको, कारण स्वयंस्पष्ट गोष्टीला जाणकार लागतच नाही. शिवाय दावा वाचून झाल्यावर सगळेच स्वयंस्पष्ट वाटू लागते; आपल्याकडे त्यावर ‘त्यात काय इशेष?’ असे म्हणून मोकळे होतात, आणि परीक्षकाने नेमके तेच टाळायचे असते, कारण त्याला अर्जाच्या अग्रक्रम-दिनांकाआधीची (अर्जाचा अग्रक्रम ज्या दिवसापासून धरला जातो, त्याआधीची) माहितीच विचारात घ्यावी लागते. मसुद्यात ‘जाणकाराला सहज सुचण्याजोगे’ असेच लिहावे. नाम हवे तेथे ‘सहजसूच्यता’ असला शब्द घडवण्यापेक्षा वाक्य फिरवून घेतलेले बरे.