आधी कमिट समजून घ्यावी, रीबेस नंतर

गिट या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या प्रणालीत दोन ब्रँच (कामाच्या वेगळ्या झालेल्या शाखा) एकत्र आणताना मर्ज करावे, म्हणजे दोन्ही जोडाव्यात, की रीबेस, म्हणजे आपले बदल दुसरीच्या टोकावर पुन्हा रचावेत, हा प्रश्न रास्त आहे. पण नवशिक्याने त्याआधी कमिट म्हणजे नेमके काय ते समजून घ्यावे, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली लिनक्स कर्नलच्या कामासाठी लिहिलेल्या गिटमध्ये प्रत्येक कमिट ही संपूर्ण प्रकल्पाची त्या क्षणीची नोंद असते आणि तिच्यात आधीच्या कमिटचा हॅशही (कमिटच्या मजकुरावरून काढलेली तिची ओळखखूणही) असतो. त्यामुळे रीबेस केल्यावर जुन्या कमिट जागच्या हलत नाहीत, तर नवे हॅश असलेल्या नव्या कमिट तयार होतात. तुमच्या जुन्या कमिटवर सहकाऱ्याने काम सुरू केले असेल आणि तुम्ही रीबेस करून फोर्स पुश केले (सर्व्हरवरचा इतिहास जबरदस्तीने बदलला), तर त्याच्याकडे एक इतिहास आणि सर्व्हरवर दुसरा, अशी फारकत होते; मग त्याने पुल करून (सर्व्हरवरचे बदल आणून) मर्ज केले की लॉगमध्ये (कमिटच्या यादीत) तेच बदल दोनदा दिसू लागतात. म्हणून इतर कोणी वापरत नसलेल्या, स्वतःच्याच ब्रँचवर रीबेस करावे.

सुरुवातीचे काही आठवडे थेट पुल न करता आधी फेच करावे (बदल फक्त आणावेत, जोडू नयेत), लॉगला ग्राफचा (इतिहास आकृतीत दाखवणारा) पर्याय देऊन दोन्ही ब्रँच कुठे वेगळ्या झाल्या ते पाहावे आणि मगच मर्ज करावे. ही सवय मला सर्वांत मोलाची वाटते.

रीबेस फसलाच, तर घाबरू नये. मागे पडलेल्या कमिटचा माग रीफ्लॉगमध्ये (ब्रँच आधी कोणत्या कमिटवर होती याच्या आपल्या संगणकावरील नोंदीत) मूळ सेटिंगनुसार ३० दिवस राहतो. मात्र कमिट न केलेले बदल तिथे सापडत नाहीत.