आईच्या शेकासाठी बार्शी, संभाजीनगर की थेट टाटा?

औसेकर: आई ६१ वर्षांची, डाव्या स्तनाचा कॅन्सर. ऑपरेशन लातूरला झालं, केमोही संपली. आता रेडिएशनचे १५ शेक सांगितलेत, शनिवार-रविवार सोडून, म्हणजे तीन आठवडे. राहण्या-खाण्यासकट हाताशी ८० हजार आहेत. कुठं न्यावं?

परळची_सून: डोळे झाकून परळचं टाटा हॉस्पिटल. माझ्या सासूबाईंचं सगळं तिथंच झालं. पहाटे फाईल घेऊन रांगेत उभं राहायची तयारी ठेवा. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत आधी चौकशी करा.

पुणेकर_७२: रांगा कशाला? आम्ही खाजगीत केलं. साडेतीन लाख गेले, पण बाबांना एक दिवस ताटकळावं लागलं नाही.

नवे_उपचार: टाटाच्याच खारघरच्या केंद्रात २०२३ पासून प्रोटॉन किरणांचे शेक सुरू झालेत, पुढचा काळ त्याचाच. शिवाय आयआयटी मुंबई आणि टाटाची कार-टी, म्हणजे रुग्णाच्याच पेशी बदलून केलेला उपचार!

लाइनॅक_ताई: दादा, कार-टी रक्ताच्या कॅन्सरसाठी. इथं त्याचा काय संबंध? औसेकर, मी रेडिएशन विभागातच काम करते. डावी बाजू आहे, म्हणून श्वास रोखून शेक देण्याची सोय आहे का ते विचारा. श्वास भरून धरला की हृदय शेकापासून लांब सरकतं. शेकासाठी छातीवर केलेल्या खुणा आंघोळीत घासू देऊ नका. महात्मा फुले योजनेत बसतं का तेही आधीच बघा.

निवृत्त_मास्तर: टाटाच. रेल्वेत कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसी पूर्ण मोफत, सोबतच्याला ७५ टक्के सवलत.

परळची_सून: तेच म्हणते मी, टाटा! बार्शीला काय आहे?

सोलापुरी: काय आहे म्हणजे? देशातली ग्रामीण भागातली पहिली कॅन्सर नोंदणी, म्हणजे भागातल्या कॅन्सर रुग्णांची नोंद ठेवणं, १९८७ साली बार्शीतच सुरू झाली. प्रत्येकानं परळच गाठायचं का? माझ्या काकांनी मुंबईच्या खेपांना कंटाळून उपचार अर्धवट सोडले. दवाखाना माणसाच्या जवळ यायला हवा, पुढं हेच व्हायला पाहिजे.

पुणेकर_७२: भावनेनं गाठ बरी होत नाही हो.

औसेकर: सगळ्यांचे आभार. बार्शीच ठरवलं. ताईंनी सांगितलेला श्वासाचा प्रश्न तिथं विचारला, डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. मावशी तिथंच राहते. केमोनं आई इतकी खचलीय की मुंबईचं नाव काढलं तरी रडते. सोमवारी पहिला शेक. मावशीनं पुढून बटणांचे दोन सुती ब्लाउज शिवून ठेवलेत, सैल.