मदत हवी आहे: अडीच लाखांत चौघांचा पहिला परदेशप्रवास, नेपाळ की व्हिएतनाम?

नमस्कार. मी परभणी जिल्ह्यातील एका शाळेत शिक्षक आहे. येत्या दिवाळीच्या सुट्टीत आई, पत्नी, १० वर्षांची मुलगी आणि मी असे चौघे पहिल्यांदाच देशाबाहेर जाण्याचे ठरवत आहोत. आई ६७ वर्षांची असून माळकरी आहे. वडील गेल्यापासून तिने औंढा आणि पंढरपूर यांच्या पलीकडे कुठे जाण्याचे नाव काढले नव्हते. गेल्या आषाढीची वारी करून आल्यावर मात्र "एकदा विमानात बसून दुसरा मुलूख बघावा वाटतो" असे ती आपणहून म्हणाली. तिने काही मागितल्याचे मला दुसरे उदाहरण आठवत नाही, म्हणून हा प्रवास घडावा आणि तो तिला झेपावा, अशी माझी मनापासूनची इच्छा आहे. घरून निघून घरी परत येईपर्यंत सर्व मिळून अडीच लाख रुपये एवढीच आमची ऐपत आहे, आणि त्यासाठी कर्ज काढायचे नाही असे आम्ही ठरवले आहे.

दोन महिने वाचन केल्यावर माझ्या लक्षात आले, की स्वस्त देशांच्या बहुतेक याद्या मुंबईच्या विमानतळापासून सुरू होतात, आमचा खर्च मात्र परभणी स्थानकापासून सुरू होतो. छत्रपती संभाजीनगरहून परदेशी जाणारे नियमित विमान नाही. त्यामुळे रेल्वेने मुंबई किंवा हैदराबाद गाठणे, गाडी उशिरा आल्यास विमान चुकू नये म्हणून आदल्या दिवशीच पोहोचणे आणि तिथे चौघांसाठी खोली घेणे, हे सारे जाताना आणि येतानाही हिशोबात धरावे लागते.

भूतान मला फार आवडला होता, कारण तिथले चलन आपल्या रुपयाच्या बरोबरीचे आहे आणि भारतीयांना व्हिसाऐवजी परवाना पुरतो. परंतु तिथे भारतीय पर्यटकाला दर रात्री १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क भरावे लागते. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ते निम्मे असले, तरी आमच्या सहा रात्रींचे २५,२०० रुपये केवळ शुल्कापोटी जातात. हे शुल्क तिथल्या निसर्गासाठी घेतले जाते आणि ते योग्यच आहे, पण आमच्या अंदाजपत्रकात ते बसत नाही.

सध्या माझे मन नेपाळकडे झुकले आहे. व्हिसा लागत नाही, आणि विमानाने जाणाऱ्या प्रौढांना पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे ओळखपत्र चालते. आधार कार्ड सर्वांना चालत नाही. ते ६५ वर्षांवरील आणि १५ वर्षांखालील प्रवाशांनाच ओळखीसाठी चालते, म्हणजे आमच्याकडे आई आणि मुलगी या दोघींना. (आमच्या शेजारच्या एका कुटुंबाचा समज उलटा होता, म्हणून हे मुद्दाम लिहिले.) एका भारतीय रुपयाला १.६० नेपाळी रुपये हा दर ठरलेला असल्याने हिशोब सोपा राहतो. मात्र दुकानदार सांगतो ती किंमत 'भारू' म्हणजे भारतीय रुपयांत की 'नेरू' म्हणजे नेपाळी रुपयांत, हे आधी विचारून घ्यावे लागते. परभणीहून सचखंड एक्सप्रेसने दिल्ली, तिथून विमानाने काठमांडू, मग पशुपतिनाथ, स्वयंभूनाथ आणि पोखरा असा बेत आहे. मनमाडहून गोरखपूर आणि सोनौलीमार्गे रस्त्याने गेल्यास बरेच पैसे वाचतील आणि लुंबिनीही वाटेवरच आहे, परंतु मग आईचे विमान राहून जाईल. मुक्तिनाथचे नाव तिने ऐकले आहे. ते साडेतीन हजार मीटरहून अधिक उंचीवर आहे आणि तिला रक्तदाबाची गोळी सुरू आहे, म्हणून तिथे जाण्याचे माझे धाडस होत नाही.

व्हिएतनाम हा पत्नीचा आणि मुलीचा आग्रह आहे, आणि तो मला अवाजवी वाटत नाही. एकदा प्रवेश करण्याचा ई-व्हिसा माणशी २५ डॉलरला मिळतो. मध्य व्हिएतनामातल्या होई आन शहराजवळच्या मी सॉन येथे चंपा राजवटीतली शिवमंदिरे आहेत. वेरूळचे कैलास लेणे पाहताना आई ज्या तन्मयतेने उभी राहिली होती, ती आठवली की ही मंदिरे तिला दाखवावीशी वाटतात. अडचण अशी, की मध्य व्हिएतनामात ऑक्टोबर-नोव्हेंबर हाच मुसळधार पावसाचा आणि पुराचा काळ असतो, आणि मला रजा मिळते ती नेमकी तेव्हाच. शिवाय भाजीच्या पदार्थांतही माशाचे पाणी घालतात. 'चाय' अशी पाटी असलेल्या खाणावळीत शुद्ध शाकाहारी जेवण मिळते आणि चांद्रमासाच्या पहिल्या व पंधराव्या दिवशी तिथले अनेक बौद्ध लोकही तसेच जेवतात, असे वाचले. आईला हे सांगितल्यावर तिने "म्हणजे त्यांचीही एकादशीच की" असे म्हटले आणि तिची निम्मी भीती गेली.

थायलंडसाठी हैदराबादहून थेट विमान मिळते, आणि तिथल्या 'जे' या शाकाहारी पद्धतीच्या जेवणात कांदा-लसूणही नसतो. परंतु आमच्या इथल्या एका प्रवासी कंपनीने दिलेल्या दरात विमानतळावरील ने-आण, दुपारचे जेवण आणि स्थळांची तिकिटे धरलेलीच नव्हती, हे तिसऱ्यांदा विचारल्यावर कळले. तेव्हापासून सारे स्वतः ठरवावे असे वाटू लागले आहे.

आता नेमके विचारतो. दिवाळीच्या दिवसांत काठमांडू आणि पोखरा येथे चौघांना राहणे, शाकाहारी जेवण आणि स्थानिक वाहन मिळून दिवसाला प्रत्यक्षात किती खर्च आला, हे कृपया भारतीय रुपयांत सांगावे. काठमांडू ते पोखरा हा रस्ता वृद्ध व्यक्तीला बसने झेपतो का, की तेवढ्यासाठी विमान घ्यावे? व्हिएतनाम मे महिन्याच्या सुट्टीवर ढकलले, तर तिथला उन्हाळा आमच्या परभणीच्या उन्हाची सवय असलेल्या माणसाला सुसह्य असतो का? आई-वडिलांना घेऊन मी सॉनला गेलेल्या कोणी तिथे किती चालावे लागते हेही लिहिले, तर फार उपयोग होईल. विमानात धपाटे, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी न्यायची आहे. उतरल्यावर त्या देशांत हे पदार्थ अडवले जातात का, याचाही कोणाला अनुभव असल्यास कळवावे.

परदेशी जाण्यासाठी मला विभागाची पूर्वपरवानगी घ्यावी लागते आणि त्या अर्जात देशाचे नाव लिहावे लागते. अर्ज या महिन्याच्या अखेरीस द्यायचा आहे. दिल्लीहून काठमांडूला जाताना हिमालय डाव्या बाजूला दिसतो असे वाचले आहे. तसे असेल, तर आईसाठी डावीकडची खिडकी आताच राखून ठेवतो.