मदत हवी आहे: रस्त्याखालची ड्रेनेज लाइन लहान पडतेय, न खोदता बदलता येते का? (बडोदा)

वाड्यातला
दांडिया बाजाराच्या बाजूला तळमजल्यावर राहतो. बाथरूमच्या जाळीतून घाण पाणी वर येतं, आई ७८ वर्षांची, तिला त्यातूनच चालावं लागतं. सगळे म्हणतात लाइन लहान आहे, मोठी टाका, पण रस्ता इतका वाहता की खोदायचं नाव काढलं की दुकानदार भांडायला येतात. परवा गल्लीची मीटिंग आहे. न खोदता मोठी लाइन टाकता येते का? हो की नाही एवढंच सांगा.

पाइपवाला
एवढंच कसं सांगू भाऊ? लाइन किती इंची, किती खोल, चिनी मातीची की सिमेंटची? पाणी रोज चढतं की फक्त पावसात? आणि सांडपाण्याची लाइन म्हणताय की वरसादी गटर, म्हणजे पावसाच्या पाण्याचं?

नदीकाठ
ऑगस्ट २०२४ चा पूर विसरलात का? विश्वामित्री नदी चढली की कितीही मोठा पाइप टाका, पाणी उलटंच येणार. आधी आजवा धरणाचं पाणी कधी आणि किती सोडतात ते विचारा.

वाड्यातला
पुराचा संबंध नाही हो, रोजचं आहे. सांडपाण्याचीच लाइन, ९ इंची, चिनी मातीची असं जुने लोक सांगतात. खोली माहीत नाही.

स्नेहलता
आमच्या शेतावरच्या घरी खाळकुव्यात (संडासाच्या खड्ड्यात) बॅक्टेरियाची पावडर टाकतो, वासच गेला. करून बघा.

पाइपवाला
ताई, खाळकुव्याचा प्रश्न नाहीये इथे.

माळवा_इंदूर
आतून अस्तर लावून घ्या, रस्त्याला हात लावायला नको. आमच्याकडे कान्ह आणि सरस्वती नदीत सुटणारी सांडपाण्याची तोंडं बंद करून लाइनीला जोडली म्हणून २०२१ ला स्वच्छ सर्वेक्षणात वॉटर प्लस प्रमाणपत्र मिळालं. लोकांनी धरून लावलं की कामं होतात.

पाइपवाला
अस्तराने आतला व्यास उलट कमी होतो. फुटक्या पाइपाला ठीक, लहान पाइपाला नाही. मोठा करायचा तर पाइप बर्स्टिंग: जुना आतून फोडत मागून नवा ओढून घेतात, चिनी माती ठिसूळ असल्याने फुटतेही छान. ९ चा १२ इंची केला तर त्याच उतारावर जवळपास दुप्पट पाणी जातं. पण दोन्ही टोकांना खड्डे लागतात, प्रत्येक घराचं कनेक्शन उघडून पुन्हा जोडावं लागतं, शेजारून गॅसची लाइन जात असेल तर जपून. आणि जुनी लाइन मध्येच खाली बसली असेल तर नवीही तशीच बसते.

माळवा_इंदूर
सगळीकडे नाही जमत म्हणायचं नसतं दादा.

पाइपवाला
कुठे नाही म्हटलं? लहानाला अस्तर चालत नाही एवढंच म्हणतोय. वाड्यातला, पाणी किती वाजता चढतं?

वाड्यातला
सकाळी सात ते नऊ. पाऊस असला की दिवसभर. समोरचा वाडा पाडून सात मजली बिल्डिंग झाली गेल्या वर्षी, त्याआधी असं नव्हतं.

पाइपवाला
हे पहिल्या ओळीत सांगायला हवं होतं! माणशी १३५ लिटर पाणी धरा, त्यातलं ८० टक्के गटारात. १६० माणसं असली तरी दिवसाला सतरा-साडेसतरा हजार लिटर, सेकंदाला पाव लिटरही नाही, सकाळची गर्दी तिप्पट धरा. ठीकठाक उताराची ९ इंची लाइन सेकंदाला तीसेक लिटर नेते. एका बिल्डिंगने ती भरत नाही. बांधकामाचं सिमेंट आत जाऊन घट्ट बसलं असेल, किंवा गच्चीचं पावसाचं पाणी ड्रेनेजला जोडलं असेल. आधी सकाळी लाइनीवर तुमच्या वरचं (पाणी येतं त्या बाजूचं) आणि खालचं (पाणी जातं त्या बाजूचं) चेंबर उघडायला लावा. वरचं तुंबलेलं, खालचं रिकामं, तर मध्ये अडकलंय, जेटिंगने, म्हणजे जोराच्या पाण्याच्या फवाऱ्याने सुटेल. दोन्ही भरलेली, तर पुढची लाइन लहान किंवा तुंबलेली, मग फक्त तुमच्यासमोरचा पाइप मोठा करून फायदा शून्य. आणि कुणालाही आत उतरवू नका. वायूने माणसं मरतात, सुरक्षेच्या साधनांशिवाय उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे.

नदीकाठ
लाइन गळत असेल तर माती वाहून जाते आणि भुवा पडतो, म्हणजे रस्ता खचून खड्डा होतो. आमच्या चौकात रिक्षाचं चाक गेलं होतं. रस्ता दबलाय का कुठे?

वाड्यातला
दबलाय, पानवाल्यासमोर, दोनदा डांबर टाकून झालं. उद्या सकाळी जेटिंगवाले येतायत. पण खालचं चेंबर सापडतच नाहीये, डांबराखाली गेलं.

पाइपवाला
मग उद्याचं पहिलं काम तेच. झाकण लोखंडी असेल तर मेटल डिटेक्टरने सापडेल, सिमेंटचं असेल तर वरच्या चेंबरातून लाइनीत कॅमेरा सोडून अंतर मोजायला सांगा. आणि ती दबलेली जागा आजच बॅरिकेड करून घ्या, मीटिंगची वाट बघू नका.