ते हिरवे गोळे खडे नव्हेत

रात्री ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस पिऊन सकाळी शौचावाटे पित्ताशयाचे हिरवे खडे पडले, असं बरेच जण सांगतात. पडलेलं काहीतरी खरंच असतं, पण ते खडे नसतात. तेल, लिंबू आणि पोटातले पाचक रस मिळून बनलेले ते साबणासारखे मऊ गोळे. उन्हात ठेवून बघा, वितळतात. खरा खडा वितळत नाही. माझ्या आईचे सात खडे ऑपरेशननंतर प्लास्टिकच्या डबीत घालून दिले होते. कडेला पैलू पडलेले, तपकिरी, हलवले की खुळखुळ्यासारखे वाजतात. ती डबी अजून कपाटात साड्यांच्या मागे आहे, का ते विचारू नका.

आणि "खडे बारीक आहेत, काळजी नको" हे मुतखड्याचं गणित इथे लावू नका. बारीक खडाच सटकून पित्तनलिकेत, म्हणजे पित्त आतड्यात नेणाऱ्या नळीत, अडकतो. आईचं तेच झालं. जेवणानंतर उजव्या बरगडीखाली, मागे खवाट्यापर्यंत कळ यायची. आपल्याकडे अ‍ॅसिडिटीलाही पित्तच म्हणतात, त्यामुळे दोन वर्षं आमसुलाचं सार आणि गोळ्या चालू. मग लघवी चहासारखी, शौच पांढुरकं, अंगाला खाज आणि डोळे पिवळे. शेजारच्या काकू कावीळ उतरवणाऱ्याचा पत्ता घेऊन आल्या. तोपर्यंत थंडी वाजून ताप भरला होता, म्हणून थेट दवाखाना गाठला. आधी तोंडातून दुर्बीण घालून नलिकेतला खडा काढला, पित्ताशय चार दिवसांनी.