उसाचा तुरा म्हणजे फूलच

काही जण म्हणतात की उसाच्या तुऱ्याला पाकळ्या नाहीत, म्हणून ते फूल नव्हे. पण ते फूलच आहे. नोव्हेंबरनंतर कोल्हापुरातल्या कागल-शिरोळकडं गेलात तर उसाच्या फडांवर जो चंदेरी तुरा डुलतो, तो हजारो फुलांचा मिळून झालेला पुष्पविन्यास आहे. त्यातलं एक बारीक कणीस (कणिशक) भिंगाखाली धरा. तीन पुंकेसर, खाली एकच बीजांड असलेला अंडाशय आणि वर पराग झेलणाऱ्या दोन पिसांसारख्या कुक्षी. पाकळ्यांच्या जागी दोन बारीक खवले उरलेत, तेच फुगून फूल उघडतात. परागण वाऱ्यानं होतं, मग रंग-वास कुणासाठी? चंदेरी दिसतात ते कणसाभोवतीचे केस. बी त्यांच्यावरच उडतं.

आपण लावतो कांडी, त्यामुळं शेतकऱ्याला तुरा नकोच असतो. वाढ थांबते, दशी पडते म्हणजे ऊस आतून भुसभुशीत होतो, वजन घटतं. पण नवीन वाण काढायचा तर तुऱ्याशिवाय गत्यंतर नाही, कारण संकर फुलांतूनच होतो. आपल्याकडं सगळीकडं दिसणारा को ८६०३२ हा वाण को ६२१९८ आणि कोसी ६७१ या दोन वाणांच्या संकरातून आला. अशा संकरासाठी वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटनं आंबोलीत केंद्र काढलंय, कारण तिथल्या हवेत तुरा चांगला येतो.