सेफ्ट्रिअॅक्सोनच्या सहाव्या दिवशी जुलाब: सी. डिफ (अँटिबायोटिकनंतर आतड्यात वाढून जुलाब लावणारा जंतू) धरायचं का?

सिस्टर_सुदामानगर, इंदूर
सर्जिकल वॉर्ड. पेशंट ७१ वर्षांचे, सेफ्ट्रिअॅक्सोन (अँटिबायोटिक) आणि पॅन्टोप्राझोल (अॅसिडिटीची गोळी) चालू. कालपासून पाच पातळ जुलाब, थोडा ताप, पोट फुगलेलं. नातेवाईक लोपेरामाइड (जुलाब थांबवणारं औषध) मागताहेत. स्टूल कल्चर (शौचाच्या नमुन्यातले जंतू वाढवून बघायची तपासणी) पाठवू का? आणि शेजारच्या खाटेसाठी सॅनिटायझर पुरे ना?

लॅब_रामबाग
लोपेरामाइड नको. पोट फुगलंय, त्यात आतड्याची हालचाल थांबवणं धोक्याचं.

चोवीस तासांत तीन किंवा जास्त जुलाब आणि अँटिबायोटिक चालू, म्हणजे संशय घ्यायलाच हवा. पण आधी केसपेपर चाळा: गेल्या दोन दिवसांत लॅक्टुलोज (पोट साफ करणारं औषध) दिलंय का? नेहमीच्या स्टूल कल्चरमध्ये हा जंतू सापडत नाही. जीडीएच (जंतू आहे का) आणि टॉक्सिन (तो विष सोडतोय का) या तपासण्या मागा; दोन्ही जुळले नाहीत तरच पीसीआर (जंतूच्या जनुकाची तपासणी). नमुना डबीचा आकार घेईल इतका पातळ हवा, कारण जंतू नुसताच वस्तीला असला तरी पीसीआर पॉझिटिव्ह येतो. डबी काउंटरवर पडून राहिली तर दोन तासांत टॉक्सिन मोडून जातं, म्हणून लगेच फ्रिजमध्ये. बरं झाल्यावर 'निगेटिव्ह रिपोर्ट' साठी पुन्हा पाठवू नका.

फार्मसी_स्नेहलतागंज
सर्जनना आधी हे विचारा की सेफ्ट्रिअॅक्सोन अजून लागतंय का. पॅन्टोप्राझोलचंही तेच.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला आणि डॉक्टरांनी व्हॅन्कोमायसिन (सी. डिफवरचं अँटिबायोटिक) लिहिलं, की हमखास एक घोटाळा होतो: व्हायल इंजेक्शनची, म्हणून ते शिरेतून जातं. शिरेतलं औषध आतड्याच्या पोकळीत पोचतच नाही. तोंडावाटे १२५ मिग्रॅ, दिवसातून चारदा, १० दिवस. ५०० मिग्रॅची व्हायल १० मिली स्टराइल वॉटरमध्ये विरघळवा, दर वेळी २.५ मिली काढून ३० मिली पाण्यातून द्या. एक व्हायल, एक दिवस. सिरिंजवर 'तोंडावाटे' असं ठळक लिहा, सुई लावूच नका. चव वाईट असते, थोडं सरबत चालतं.

पांढऱ्या पेशी १५,००० वर किंवा क्रिएटिनिन (किडनीच्या कामाची रक्ततपासणी) १.५ च्या वर असेल तर आजार गंभीर धरतात. तिथे नुसत्या मेट्रोनिडाझोलवर (दुसरं अँटिबायोटिक) विसंबू नये.

लॅब_रामबाग
सॅनिटायझरचं राहिलं. अल्कोहोलने स्पोअर (जंतूची कठीण कवचातली बीजं) मरत नाहीत. ग्लोव्हज घाला, काढल्यावर साबण आणि वाहतं पाणी. चोळण्यानेच स्पोअर निघून जातात. या पेशंटचं कमोड वेगळं ठेवा. फिनाईलही कुचकामी. (स्वच्छतेत पहिल्या नंबरच्या शहरातसुद्धा वास आला की फरशी स्वच्छ, असाच समज!) ५ टक्के हायपोक्लोराइट (ब्लीचचं द्रावण) एक भाग, पाणी नऊ भाग, म्हणजे ५,००० पीपीएम (दहा लाखांत पाच हजार भाग). आधी घाण पुसून घ्या, मग हे लावून १० मिनिटं ओलं राहू द्या: खाटेचे कठडे, बेल, नळाची मूठ, बेडपॅन. द्रावण रोज ताजं. टॉयलेट क्लीनरमध्ये मिसळलंत तर क्लोरीन वायू सुटेल.

सिस्टर_सुदामानगर, इंदूर
डबी फ्रिजमध्ये ठेवली. वेगळं किती दिवस ठेवायचं?

लॅब_रामबाग
जुलाब थांबल्यावर किमान ४८ तास. आणि डिस्चार्ज कार्डावर सी. डिफचा उल्लेख हवाच, पुढच्या अँटिबायोटिकच्या वेळी तो लागेल.